किनाऱ्यावरचा टिकी बार: ग्लासातलं चोख, भिंतीवरचं खटकणारं

सिंधुदुर्गात समुद्राला लागून असलेले बहुतेक बार म्हणजे साध्या परमिट रूम. तळलेला बांगडा, थंड बिअर, भिंतीवर टीव्ही. अशा पट्ट्यात कुणीतरी टिकी बार, म्हणजे पॉलिनेशियाची (प्रशांत महासागरातल्या बेटांची) सजावट आणि रमची कॉकटेलं असलेला बार, काढतं आणि माई ताई हे रमचं कॉकटेल मापाने, ताज्या लिंबाने, बारीक बर्फावर करून देतं, याचं कौतुक आधी करायला हवं. बार मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये, खाडीकाठच्या माडांच्या बागेत आहे. नाव मुद्दाम देत नाही. खाली जे दोष सांगितलेत ते या एकट्या जागेचे नाहीत; टिकीची सजावट उचलणारा जवळजवळ प्रत्येक बार हेच करतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. पेयांसाठी जरूर जावं. खाण्यात नीरफणसाच्या कापा मागवाव्यात आणि कच्च्या माशाचा पदार्थ टाळावा. सजावटीतल्या दोन गोष्टी आणि वाढदिवसाचा एक कार्यक्रम मालकांनी येत्या मोसमाआधी बंद करावा.

हे का म्हणतोय ते कळायला थोडा इतिहास लागेल. टिकी बार जन्माला आला अमेरिकेत. डिसेंबर 1933 मध्ये तिथली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या माणसाने हॉलिवूडमध्ये बांबू, जाळी आणि दक्षिण प्रशांत महासागरातून आणलेल्या वस्तूंनी सजवलेला छोटा बार काढला. पुढे त्याने स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. ओकलंडच्या व्हिक्टर बर्जेरॉनने, म्हणजे ट्रेडर व्हिकने, तोच धंदा कैक पटींनी वाढवला. दोघेही पॉलिनेशियन नव्हते. त्यांची रम कॅरिबियन बेटांवरची, आणि रम-लिंबू-साखर हा मेळही तिकडचाच. युरोपीय जहाजं येण्याआधी पॉलिनेशियात दारू गाळलीच जात नव्हती. तिथलं मानाचं पेय कावा: एका झुडपाच्या मुळ्या कुटून पाण्यात कालवून केलेलं. हे झुडूप आपल्या मिरीच्या आणि नागवेलीच्या कुळातलं.

म्हणजे टिकी बारात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, डॉन बीच आणि ट्रेडर व्हिक यांची पेयं. ती कुणीही करावीत, फक्त ज्याची त्याला पावती द्यावी. दुसरी, पॉलिनेशियातल्या लोकांचे देव, पूर्वज, गोंदणं आणि नाच. त्या या दोघांच्या मालकीच्या कधीच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याकडून उसन्या घेण्याचा प्रश्नच येत नाही. या बारने पहिली गोष्ट फार चांगली सांभाळली आहे. दुसरीकडे मात्र लक्ष दिलेलं नाही.

माई ताईपासून सुरुवात करू. ट्रेडर व्हिकने 1944 मध्ये जी केली तिच्यात अननसाचा रस नव्हता. तो नंतर हवाईच्या हॉटेलांत शिरला. मुळात होती सतरा वर्षं मुरलेली जमैकन रम, एका लिंबाचा रस, संत्र्याच्या सालीचं कुरासाओ नावाचं गोड मद्य, बदामाचं ऑर्जा सरबत आणि थोडा साखरेचा पाक. इथलं माप असं: 60 मिली रम, 30 मिली लिंबाचा रस, 15 मिली कुरासाओ, 15 मिली ऑर्जा, साडेसात मिली घट्ट पाक. रम अर्धी ओल्ड मंक आणि अर्धी उसाच्या रसापासून गाळलेली मुरवलेली भारतीय रम. ही जोडी विचार करून लावलेली आहे. नुसती ओल्ड मंक घेतली तर तिचा व्हॅनिलाकडे झुकणारा गोडवा ऑर्जावर चढतो आणि पेय मिठाईसारखं लागतं. कुणी घरी नुसत्या ओल्ड मंकवर करणार असेल तर पाक पूर्ण वगळावा.

आपल्याकडे बारमध्ये 30 आणि 60 मिलीचं माप सगळीकडे असतं, पण टिकीला साडेसात आणि साडेबावीस मिलीच्या खुणा लागतात. इथल्या मापावर त्या आत कोरलेल्या आहेत. अंदाजाने ओतलं की पहिल्यांदा बिघडतो तो आंबट-गोडाचा तोल, आणि तो झाकायला मग अननसाचा डब्यातला रस येतो. इथे तसं होत नाही. लिंबं कागदी. एकातून साधारण पंधरा मिली रस निघतो, म्हणजे एका माई ताईला दोन लागतात. एप्रिल-मेमध्ये लिंबू महागतं आणि त्यात रसही कमी भरतो, तरी बाटलीतला रस वापरलेला दिसला नाही. रस संध्याकाळी काढतात आणि त्या रात्रीच संपवतात. रात्रभर राहिलेल्या रसाला कडवट चव येते, ती किती साखर घातली तरी जात नाही.

ऑर्जा हा या बारचा खरा अभिमानाचा विषय असायला हवा, कारण तो बदामाऐवजी वेंगुर्ल्याच्या काजूपासून करतात. कल्पना उत्तम आहे, पण काजूत एक अडचण आहे जी बदामात नाही: काजूत पिठूळ अंश बराच असतो. बदामाचं दूध साखर घालून गरम केलं तर पातळ राहतं. काजूचं गरम केलं की खळीसारखं घट्ट होतं आणि थंड बर्फावर त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून पद्धत अशी हवी: 200 ग्रॅम काजूकणी चार तास भिजवायची, 400 मिली पाण्यात वाटायची, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायची. निघालेल्या दुधाच्या दीडपट वजनाची साखर घालायची आणि भांडं कोमट पाण्यात ठेवून ढवळत विरघळवायची. हाताला चटका बसेल इतकं तापवायचं नाही. मुळातल्या संत्र्याच्या फुलांच्या पाण्याऐवजी इथे केवडा घालतात. अर्ध्या लिटरला दोन थेंब पुरतात. एका भेटीत केवडा इतका पुढे आला होता की ग्लासात लग्नाच्या मिठाईचा वास येत होता. शेवटी 30 मिली रम घालून बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. किनाऱ्यावरच्या उकाड्यात बाहेर राहिलेला ऑर्जा लवकर आंबतो, झाकण उघडताना फस्स आवाज आला तर तो टाकूनच द्यावा. बाटलीत साका खाली बसणं मात्र दोष नव्हे, हलवून वापरायचा.

झोम्बी हे डॉन बीचचं 1934 चं पेय. मेन्यूवर तसं लिहिलेलंही आहे, नाव आणि साल दोन्ही. मुळात तीन रम मिळून जवळपास 120 मिली, त्यातली एक भयंकर कडक. डॉन बीच माणशी दोनच देत असे. इथे तेवढी कडक रम नसते, आपल्या रम 42.8 टक्क्यांच्या, तरीही 120 मिली म्हणजे चार छोटे पेग एका ग्लासात आहेत हे लक्षात ठेवूनच मागवावं. एक पुरे. डाळिंबाच्या ग्रेनेडीनऐवजी त्यांनी कोकम घेतलंय आणि ते खरंच जमलंय, कारण ते अमृतकोकम वापरतात. आगळ वापरलं असतं तर पेय गेलंच असतं. आगळात मीठ असतं. ग्रेपफ्रूटच्या जागी पपनस आहे. पपनसाचा कडवटपणा कमी, त्यामुळे त्याच्या जोडीचा दालचिनीचा पाक मूळ मापाने घातला तर तोच वरचढ होतो. दोन भाग रसाला एक भाग पाक असं मूळ माप आहे; इथे तीनास एक करून पाहावं.

बर्फाबद्दल थोडं सविस्तर, कारण किनाऱ्यावर टिकी फसतं ते बहुधा इथेच. बारीक बर्फ खूप लागतो आणि मासळीच्या जेट्टीवर लादी स्वस्त मिळते. ती पिण्याच्या पाण्याची नसते. 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे ते याचसाठी, पण लादी फोडून भुगा केला की फिकी निळी छटा मंद दिव्यात दिसत नाही. इथे स्वतःचं बर्फाचं यंत्र आहे, आणि विहिरीचं पाणी मचूळ असल्यामुळे त्याला गाळणी यंत्रणेचं पाणी जोडलेलं आहे. कुठल्याही बारमध्ये हे विचारायला लाजू नये. वीज गेली की मात्र बर्फ ओला होतो. ट्रेमध्ये साठलेलं पाणी काढून न टाकता तोच बर्फ शेकरमध्ये गेला, तर पहिल्या घोटालाच पेय पातळ लागतं. तेव्हा पाणी निथळून द्यायला सांगावं, देतात.

नारळाच्या दुधाचं पेय चांगलं आहे, फक्त लवकर प्यावं. ताजं पहिलं दूध आणि लिंबू एकत्र आले की सोलकढी ठेवल्यावर फुटते तसंच तेही फुटतं, वर स्निग्धांश आणि खाली पाणी.

आता भिंतींकडे.

स्वच्छतागृहाच्या दारांवर मोआई आहेत, फायबरचे, एकाला बो-टाय आणि दुसऱ्याला लिपस्टिक लावलेली. रापा नुई बेटावर, ज्याला जग ईस्टर आयलंड म्हणतं, असे जवळपास 900 पुतळे आहेत. ते पूर्वजांचे. त्यातले कित्येक आहू नावाच्या दगडी चौथऱ्यांवर उभे केले, त्या चौथऱ्यांत माणसांच्या अस्थी आहेत, आणि बहुतेकांची तोंडं समुद्राकडे नसून वस्तीकडे आहेत, कारण त्यांनी वस्तीवर नजर ठेवायची. 1868 मध्ये ब्रिटिश जहाजाने उचलून नेलेला एक मोआई आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि बेटावरचे लोक तो परत मागतायत. जिवंत माणसं ज्याच्यासाठी भांडतायत असा हा पूर्वज आहे. वेंगुर्ला तालुक्यात याहून जास्त समजावायची गरज पडू नये. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात, त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालतात. परक्या देशातल्या कुणा बारने वेतोबाच्या डोक्यात स्ट्रॉ खोचून त्याचा मग केला आणि दुसरा शौचालयाच्या दाराला लावला तर काय वाटेल, ते इथल्या माणसाला विचारायला नको.

दुसरी गोष्ट कागदी रुमाल. त्यावर माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी, माणसाचा चेहरा आणि चेहऱ्यावरचं मोको गोंदण छापलेलं आहे. मोको म्हणजे त्या माणसाची वंशावळ. ती त्याचीच, दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय माओरी रीतीत डोकं सगळ्यात पवित्र, आणि अन्न त्यापासून कटाक्षाने दूर ठेवतात. म्हणजे ज्या दोन गोष्टी ते कधी एकत्र येऊ देत नाहीत त्या या रुमालाने एकत्र आणल्या, आणि त्याने आपण तोंड पुसायचं. छपाई संपली की पुन्हा करू नये, असलेले रुमालही वापरू नयेत. साधा पांढरा रुमाल स्वस्त पडतो.

तिसरी, वाढदिवसाचा हाका, म्हणजे माओरींचा आरोळ्या देत करायचा समूहनाच. पाहुण्याचा वाढदिवस असला की चार कर्मचारी जीभ बाहेर काढून, मांड्या थोपटून 'का माते' म्हणतात. हा हाका न्गाती तोआ जमातीचा आहे. न्यूझीलंडने 2014 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि तिथे तो व्यावसायिक कारणासाठी प्रकाशित करताना त्याचं श्रेय त्यांचा प्रमुख ते राउपराहा आणि ही जमात यांना द्यावंच लागतं. तो कायदा सिंधुदुर्गात चालत नाही हे खरं, पण ज्यांचा हाका आहे त्यांनी काय मागितलंय ते त्यावरून कळतं. त्या मुलांना तो कुणी शिकवलेला नाही, व्हिडिओ पाहून उचललाय, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही अवघडल्यासारखं होतंय. त्यांच्यातल्या दोघांना दशावतारातली पदं उत्तम येतात. वाढदिवसाला त्यांनी आपलं काही म्हणावं.

मुखवट्यांची भिंत तितकी गंभीर नाही, पण चुकीची आहे. 'पॉलिनेशिया' अशा पाटीखाली बालीचे आणि पापुआ न्यू गिनीचे मुखवटे लावलेत. बाली इंडोनेशियात, पापुआ न्यू गिनी मेलानेशियात. पॉलिनेशिया म्हणजे हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई या तीन टोकांमधला त्रिकोण. पाटी बदलली तरी भागेल. मेन्यूवर 'कावा सेरेमनी' नावाचं कॉफी आणि रमचं पेय आहे, त्याचंही नाव बदलावं. त्यात कावा नाही, आणि असता तर दारूत मिसळणं यकृताला घातक ठरू शकलं असतं.

सगळंच चुकलंय असं नाही. कर्मचाऱ्यांचे फुलाफुलांचे शर्ट अगदी योग्य आहेत. तो शर्ट 1930 च्या दशकात होनोलुलूच्या शिंप्यांनी आणि दुकानदारांनी बाजारासाठीच शिवला. विकायला काढलेली वस्तू विकत घेण्यात काही गैर नाही. प्लास्टिकच्या गवताचे घागरे आणि करवंट्यांच्या चोळ्या इथे नाहीत, याबद्दल मालकांचे आभार. भिंतीवर प्रवाळ किंवा समुद्रपंखा नाही, हेही तपासून पाहिलं. मालवणपासून पुण्यापर्यंत 'इंद्रजाल' म्हणून चौकटीत विकला जातो तो समुद्रपंखा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि समुद्राची सजावट म्हटली की तो हटकून येतो.

दारात प्लास्टिकची फुलमाळ गळ्यात घालतात, ती नको वाटते. हवाईत माळ ताज्या फुलांची असते, प्रेमाने घालतात आणि नंतर कचऱ्यात टाकत नाहीत. सुरंगी फुलते त्या दिवसांत वेंगुर्ल्यात वळेसर सहज मिळतात, एरवी अबोली आहेच.

मगांबद्दल एक सूचना. सध्याचे मग देवांच्या चेहऱ्यांचे, बाहेरून मागवलेले. मालकांचा विचार सावंतवाडीच्या लाखकामाचे लाकडी पेले करून घ्यायचा आहे असं कळलं. हेतू चांगला, पण लाख दारूत विरघळते. रम ओतली की आतला रंग चिकट होईल आणि पेयात उतरेल. लाखकाम बाहेरून आणि आत काचेचा पेला, असं करता येईल. नाहीतर करवंटी: आतून-बाहेरून घासून काढलेली, खोबरेल चोळून मुरवलेली, आणि कोरड्या जागी ठेवलेली, नाहीतर डोळ्यापाशी चीर जाते. एकही चेहरा नसलेला पेला टिकीला अजिबात कमीपणा आणत नाही.

शनिवारी रात्री काही पेयांवर ज्योत पेटवून दालचिनीची पूड उडवतात. ठिणग्या वर जातात आणि वर झापांचं छप्पर आहे. एप्रिलमधलं सुकलेलं झाप एका ठिणगीत पेटतं. 'दादा, ज्योत नको' असं आधीच सांगावं. ती मोकळ्या अंगणात करावी, छपराखाली कधीच नाही.

खाण्यात नीरफणसाच्या कापा पहिल्या. हे झाड मूळचं प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. ताहितीहून त्याची रोपं नेणाऱ्या बाउंटी जहाजावर 1789 मध्ये बंड झालं. दुसऱ्या सफरीत, 1793 मध्ये, ती कॅरिबियन बेटांवर पोचली, ऊसमळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. ज्या मळ्यांच्या उसातून रम निघायची तेच हे मळे. त्यामुळे या टेबलावर नीरफणस आणि रम शेजारी येतात त्याला अर्थ आहे, मेन्यूवर दोन ओळी लिहायला हरकत नव्हती. कापा अर्ध्या सेंटिमीटरच्या, चीक जाईपर्यंत पाण्यात ठेवलेल्या, मग आगळ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून कमी तेलात परतलेल्या. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. फळ पिकत आलं असेल तर गोडसर आणि लिबलिबीत होतात, तेव्हा आज फळ कसं आहे ते विचारून मागवावं.

अळकुड्यांची पोई, म्हणजे उकडून कुटलेला हवाईचा लगदा, मागवू नये. लहान अळकुड्या वापरल्यामुळे ती बुळबुळीत झाली आहे.

कच्च्या माशाचं पोके टाळावं असं म्हटलं त्याचं कारण मासा. इथे सुरमई वापरतात, ताजी असते, पण ताजी असणं पुरेसं नाही. परजीवी मरायला उणे 20 अंशांवर 7 दिवस गोठवावं लागतं, आणि ती सोय स्वयंपाकघरात दिसली नाही. शिवाय सुरमई आणि कुपा या जातींत जाळ्यातून काढल्यावर बर्फ मिळायला उशीर झाला तर हिस्टामिन नावाचं अपायकारक द्रव्य तयार होतं. ते गोठवून किंवा शिजवूनही जात नाही. ओठ झिणझिणले, चेहरा लाल झाला तर खाणं थांबवून डॉक्टर गाठावा.

या जागेला मोआईची गरज नाही असं वाटतं त्याला आणखी एक कारण आहे. समोरच्या वाळूत उलांडीची होडी ओढून ठेवलेली असते. प्रशांत महासागरातले लोक बाजूला असाच ओंडका जोडलेल्या होड्यांतून बेटाबेटांवर पोचले. पहाटे त्याच किनाऱ्यावर रापण ओढतात आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. हवाईत हुकिलाऊ म्हणजे नेमकं हेच: गावाने मिळून जाळं ओढायचं आणि मासळी वाटून घ्यायची. होडी आणि जाळं, दोन्हींची खरी छायाचित्रं भिंतीवर लावून खाली दोन्हीकडची माहिती लिहिली, तर मुखवट्यांपेक्षा ती पाहायला लोक जास्त वेळ थांबतील. चित्रच हवं असेल तर पिंगुळीच्या ठाकर चित्रकथी कलावंतांकडून समुद्राचा प्रसंग काढून घ्यावा, ठरवून, मोबदला देऊन, कोपऱ्यात त्यांचं नाव लिहून.

जाणाऱ्यांसाठी: बार ऑक्टोबर ते मेअखेर चालतो, पावसाळ्यात बंद. माई ताई साडेपाचशे रुपये, झोम्बी साडेसातशे, कापा अडीचशे. शनिवारी रात्री आठनंतर गर्दीमुळे मापं घाईत होतात, म्हणून आठवड्याच्या मध्ये सूर्यास्ताच्या सुमारास जावं. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट 25 वर्षं आहे आणि इथे ओळखपत्र बघतात. गोव्यातून स्वस्त बाटली आणून इथे करून मागू नये, परवान्याशिवाय ती सीमेच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे. परतीचा रस्ता अरुंद, वळणाचा आणि बिनदिव्यांचा. रात्रीची रिक्षा आधीच ठरवून ठेवावी, कारण नऊनंतर फाट्यावर एकही उभी नसते.